अक्कलदाढ आणि ओकारीचे भय

“डॉक्टर, दाढ काढताना दुखेल का?” हा प्रश्न दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, परंतु त्याच्या मागे दडलेला दुसरा प्रश्न, “तोंड उघडे असताना मला मळमळून आले तर? उलटीच झाली तर?”, हा मात्र बहुतेकांच्या ओठांवर येत नाही, कारण वेदनेचे भय बोलून दाखविण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, पण ओकारीचे भय बोलून दाखविले तर आपण पोरकट ठरू असा संकोच मनाला धरून बसलेला असतो. हे भय पोरकट नाही आणि विरळही नाही. ह्या एका धास्तीपायी कित्येक माणसे हिरडीत अर्धवट रुतलेली, वारंवार सुजणारी दाढ वर्षानुवर्षे तोंडात वागवितात, तिच्याभोवती पू धरला की अँटिबायोटिक गोळ्यांचा एक फेरा घेतात, आणि ज्या मळमळीला टाळण्यासाठी हा सारा खटाटोप चालतो तिचेच एक ठळक कारण त्या गोळ्यांत असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मळमळ ही एकच एक आपत्ती आहे आणि ती केव्हाही, कोठूनही कोसळेल, अशी समजूत ह्या भयाच्या मुळाशी असते. वस्तुस्थिती अशी की मळमळ ठरावीक वाटांनी येते, त्या वाटा मोजक्या आहेत, आणि दाढेच्या बाबतीत त्यांतील बहुतेकांचा बंदोबस्त आधीच करता येतो. त्या वाटांची इत्यंभूत ओळख करून देणे हाच ह्या प्रकरणाचा हेतू आहे.

१. दाढ आणि तिची काढणी

वयाच्या सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास जबड्याच्या चारी टोकांना उगवणाऱ्या ह्या शेवटच्या दाढा पुष्कळांच्या जबड्यात जागेअभावी वाकड्या किंवा आडव्या राहतात. अशी रुतलेली दाढ काढताना हिरडी थोडी उघडतात, भोवतीचे हाड किंचित कोरतात, प्रसंगी दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते एकेक बाहेर घेतात आणि टाके घालतात. आपल्याकडे हे काम बहुधा दवाखान्यातल्या खुर्चीतच, तेवढाच भाग बधिर करणारी, म्हणजे जागेवरची, भूल देऊन, एका बैठकीस एका बाजूचे असे होते. अमेरिकेत मात्र कॉलेजच्या वयात चारही दाढा एकदम, शिरेतून गुंगीचे औषध देऊन काढण्याचा प्रघात मोठा आहे. आणि म्हणून न्यू जर्सीतील आत्येबहिणीने फोनवर सांगितलेली दिवसभराच्या ओकाऱ्यांची हकीकत पुण्यातल्या मामेभावाने आपल्या बाबतीत जशीच्या तशी लागू करून घेणे सयुक्तिक नसते. दोघांच्या दाढा सारख्या असल्या तरी दोघांच्या भुली निराळ्या आहेत.

२. ओकारीचा हुकूम कोठून सुटतो

मेंदूच्या तळाशी, जेथून पुढे मज्जारज्जू सुरू होतो त्या लंबमज्जा नावाच्या भागात, वांतीचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशींचे जाळे असते. त्याला आपण सोयीसाठी वांतिकेंद्र म्हणू. हे केंद्र तालुक्याच्या कचेरीसारखे आहे असे समजा: कचेरी स्वतः होऊन काही करीत नाही, तिच्याकडे चार दिशांनी अर्ज येतात, आणि अर्जांचा भार एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजेच हुकूम सुटतो.

पहिला अर्ज रक्ताकडून येतो. लंबमज्जेच्याच पृष्ठभागावर एक लहानसा टापू असा आहे की जेथे रक्त आणि मेंदू यांमधला नेहमीचा पडदा फार झिरझिरीत असतो. रक्तात एखादे विषारी किंवा अनोळखी द्रव्य आले की त्याची वर्दी हा टापू देतो. भुलीचे वायू, अफूच्या वर्गातील वेदनाशामके आणि काही अँटिबायोटिके ह्या वाटेने मळमळ निर्माण करतात. दुसरा अर्ज जठर व आतडी यांच्याकडून, व्हेगस नावाच्या लांब चेतेमार्फत येतो. गिळलेले रक्त, रिकाम्या पोटी घेतलेली तीव्र गोळी, ही त्याची कारणे. तिसरा अर्ज आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा; घाटात गाडी लागणाऱ्यांना तो चांगला परिचित आहे. चौथा अर्ज मेंदूच्या वरच्या भागातून, म्हणजे स्मृती, वास, किळस आणि भय यांच्याकडून येतो.

ही चौथी वाट काल्पनिक मानण्याची चूक आपल्या वैद्यकाने फार पूर्वीपासून केलेली नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात छर्दीचे, म्हणजे ओकारीचे, पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी चार दोषांच्या प्रकोपाने होणारे आहेत आणि पाचवा केवळ किळसवाण्या, मनाला न रुचणाऱ्या गोष्टींच्या संयोगाने होणारा आहे. “तुझ्या मनाचेच खेळ आहेत” असे म्हणून घरातली वडील माणसे ज्याची बोळवण करतात, त्याला ग्रंथकाराने रोगांच्या यादीत मानाचे स्थान दिले होते.

कचेरीच्या ह्या व्यवस्थेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट ही की अर्जांची बेरीज होते. केवळ भय असेल तर मळमळ येऊन ओसरते. केवळ थोडे रक्त गिळले गेले तर पोट ते सहन करते. पण भय, गिळलेले रक्त, उपाशी पोट आणि त्यावर एक तीव्र गोळी असे चारही कागद एकाच दुपारी दाखल झाले म्हणजे हुकूम सुटण्याचा संभव पुष्कळ वाढतो. ह्याचीच दुसरी बाजू अशी की चारही अर्ज रोखण्याची मुळीच गरज नसते. दोन अडविले तरी बहुधा भागते, आणि भय पूर्णपणे नाहीसे झाले पाहिजे असा अट्टाहास धरण्याचेही कारण उरत नाही.

३. भूल कोणती, ह्यावर पुष्कळ अवलंबून

दाढ आणि भूल यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील होरेस वेल्स ह्या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. त्यानंतर दोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, त्याचाच एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन याने बॉस्टनच्या रुग्णालयात ईथरचा जाहीर प्रयोग करून दाखविला, आणि १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. ईथर व क्लोरोफॉर्म यांनी शस्त्रक्रियेतील वेदना नाहीशी केली, पण शुद्धीवर येताना होणाऱ्या ओकाऱ्यांचे दुखणे मागे ठेवले, आणि त्या काळच्या हकीकती घराघरांतून इतक्या वेळा सांगितल्या गेल्या की भूल म्हणजे ओकारी हे समीकरण, ती औषधे दवाखान्यांतून हद्दपार झाल्यानंतरही, लोकांच्या मनातून गेले नाही.

आज दंतवैद्य हिरडीत जे इंजेक्शन देतो ते सामान्यतः लिग्नोकेनचे असते. स्वीडनमधील निल्स ल्योफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेले हे द्रव्य जेथे टोचले जाते तेथल्या चेतांतून जाणारे संदेश थांबविते. भुलीच्या वायूप्रमाणे ते साऱ्या मेंदूवर अंमल गाजवीत नाही. नेहमीच्या मात्रेत त्याच्यामुळे मळमळ होणे हा अपवाद आहे. त्यासंबंधीच्या तीन गोष्टी मात्र आधी ठाऊक असाव्यात, कारण त्या ठाऊक नसल्या म्हणजे त्यांचा भलताच अर्थ लावला जातो. एक, इंजेक्शनात बहुधा अॅड्रेनॅलिन मिसळलेले असते, त्यामुळे काही मिनिटे छाती धडधडते आणि हात किंचित थरथरतात. ही धडधड भयाने आलेली नसून औषधाने आलेली असते आणि ती आपोआप उतरते. दोन, औषधाचे चार थेंब जिभेवर ओघळले तर अत्यंत कडू लागतात. तोंडातले पाणी ओढणारी नळी तेथे लावायला सांगावे, गिळू नये. तीन, बधिरपणा कधीकधी जिभेच्या मुळापर्यंत पोहोचतो आणि आता आपल्याला गिळता येणार नाही असे वाटू लागते. गिळण्याची शक्ती शाबूत असते, तिची जाणीव तेवढी मंदावलेली असते.

पूर्ण भुलीची गोष्ट निराळी. ख्रिश्चन आप्फेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये, वायूच्या भुलीनंतर प्रौढ माणसाला मळमळ किंवा ओकारी होण्याचा संभव किती हे सांगणारा एक अगदी सोपा हिशेब मांडला, आणि भूलतज्ज्ञ तो अजून वापरतात. चार प्रश्न विचारायचे: रुग्ण स्त्री आहे काय? रुग्ण धूम्रपान न करणारा आहे काय? पूर्वी भुलीनंतर ओकारी झाली आहे किंवा प्रवासात गाडी लागते काय? शस्त्रक्रियेनंतर अफूच्या वर्गातील वेदनाशामक द्यावे लागणार आहे काय? प्रत्येक होकाराला एक गुण. शून्य गुणांना सुमारे १० टक्के, एकाला २०, दोहोंना ४०, तिहींना ६० आणि चारींना ८० टक्के, असा अंदाज निघतो.

समजा, नाशिकची बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी आहे; सिगारेटला तिने कधी हात लावलेला नाही आणि कसारा घाटात एस.टी. लागण्याची तिला सवय आहे. तिच्या चारही दाढा पूर्ण भुलीखाली काढायच्या ठरल्या आणि नंतर ट्रॅमाडॉलसारखे अफूवर्गीय वेदनाशामक लिहून दिले, तर तिचे चार गुण होतात आणि संभव ८० टक्क्यांवर जातो. ते वेदनाशामक वगळून आयबुप्रोफेन व पॅरासिटॅमॉल यांवर भागविले तर गुण तीन, संभव ६०. आता २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत असे दिसून आले आहे की ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन यांसारखे प्रत्येक प्रतिबंधक औषध हा संभव सुमारे एक-चतुर्थांशाने घटविते. पहिले औषध दिले की ६० चे ४५ होतात, दुसरे दिले की ४५ चे सुमारे ३४. डेक्सामेथासोनने दाढेनंतरची सूजही उतरते, म्हणजे एकाच इंजेक्शनात दोन कामे होतात. आणि हीच मुलगी जागेवरच्या भुलीखाली एका वेळी एका बाजूच्या दाढा काढून घेण्यास राजी झाली, तर वायूंच्या भुलीसाठी केलेला हा हिशेब तिला लागूच पडत नाही.

ओकारीची धास्ती असलेली माणसे “मला बेशुद्धच करा, म्हणजे काही कळणार नाही” असा आग्रह धरतात, तो मला समजतो. पण वरच्या हिशेबावरून दिसेल की त्या आग्रहाने ती स्वतःला ओकारीच्या अधिक जवळ नेतात. दाढ फारच खोल असेल किंवा अन्य वैद्यकीय सबब असेल तर पूर्ण भूल जरूर घ्यावी; केवळ ओकारी चुकावी म्हणून ती मागू नये.

४. भयाची स्वतःची वाट

भय आले म्हणजे शरीर पळण्याच्या तयारीला लागते. रक्त स्नायूंकडे वळते, जठराचे काम मंदावते आणि पोटात जे काही असेल ते तेथेच रेंगाळते. त्यामुळे पोट जड वाटते, घशाशी काही आल्यासारखे होते, तोंडाला पाणी सुटते किंवा कोरड पडते. सामान्य माणूस ह्या खुणांकडे लक्ष देत नाही. पण ज्याला ओकारीचेच भय आहे तो त्यांच्यावर पहारा ठेवून बसलेला असतो, आणि प्रत्येक खूण दिसताच “आता होणार” असा निष्कर्ष काढतो. ह्या निष्कर्षाने भय वाढते, वाढलेल्या भयाने जठर आणखी मंदावते, आणि चक्र फिरत राहते. मळमळ आणि ओकारी ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात धरले पाहिजे. मळमळ लाटेसारखी चढते आणि उतरते; तिची परिणती ओकारीत होतेच असे नाही, भयाने आलेल्या मळमळीची तर फारच क्वचित होते.

चक्र थांबविण्याचा पहिला इलाज श्वास हा आहे, परंतु “खोल श्वास घ्या” हा नेहमीचा उपदेश अपुरा आहे. घाबरलेला माणूस भराभर खोल श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन ओठांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि मळमळ वाढते. म्हणून श्वास नाकाने, बेताचा घ्यावा आणि सोडताना घेण्यापेक्षा अधिक वेळ लावावा. मनात चार मोजेपर्यंत घेणे आणि सहा मोजेपर्यंत सोडणे, हे खुर्चीत तोंड उघडे असतानाही साधते. मात्र तो अभ्यास घरी आधी काही दिवस केलेला असावा; शस्त्रक्रियेच्या दिवशी नवी विद्या शिकता येत नाही.

काहींच्या बाबतीत मात्र मळमळ ही घेरीची पूर्वसूचना असते. सुई किंवा रक्त दिसताच त्यांचा रक्तदाब एकाएकी उतरतो, चेहरा पांढरा पडतो, दरदरून थंड घाम फुटतो, आणि त्या क्षणी पोटात ढवळते. ही मळमळ पोटाची नाही, रक्तदाबाची आहे. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले की ती झपाट्याने ओसरते. अशा प्रकृतीच्या लोकांसाठी स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात एक साधी युक्ती प्रचारात आणली: हात, पाय व पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्याला उष्णता जाणवेपर्यंत, घट्ट आवळावे, मग वीस-तीस सेकंद सैल सोडावे, आणि असे पाच वेळा करावे. त्याने रक्तदाब टिकून राहतो. इंजेक्शनापूर्वी हे करावे; हत्यार तोंडात असताना नव्हे.

घशाची उबळ हा आणखी एक गैरसमजाचा विषय. टाळूच्या मागच्या भागाला किंवा जिभेच्या मुळाला स्पर्श झाला की घसा आवळून वर उचलला जातो. परक्या वस्तूला बाहेर ठेवण्याची ती शरीराची व्यवस्था आहे, आणि स्पर्श दूर होताच ती संपते. ज्यांना ती लवकर येते त्यांनी तोंडात फिल्म धरून एक्स-रे काढण्याऐवजी तोंडाबाहेरून फिरणाऱ्या यंत्राने घेतला जाणारा ओपीजी मागावा, आणि हत्यार मागे जात असताना एक पाय किंचित उचलून धरावा. लक्ष तिकडे वळले की उबळ बऱ्याच अंशी दबते.

ह्या सर्वांहून प्रभावी अशी एक तजवीज आहे, आणि तिला औषध लागत नाही. कामास आरंभ होण्यापूर्वी दंतवैद्याला स्पष्ट शब्दांत सांगावे: “मला उलटीची फार भीती वाटते. मी डावा हात वर केला की कृपा करून थांबा.” थांबण्याचा अधिकार आपल्या हाती आहे एवढ्या ज्ञानानेच तो वापरण्याचे प्रसंग कमी होतात. जो दंतवैद्य हे ऐकून हसेल त्याच्याकडे दाढ काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. त्या दिवशीचे जेवण

जागेवरच्या भुलीसाठी उपाशी जाऊ नये. “पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार” हा विचार तर्काला पटतो, पण शरीराला पटत नाही. रिकाम्या जठरात आम्लच असते, रक्तातील साखर उतरलेली असते, आणि घेरी व कोरडे उमासे ह्या दोहोंना ते निमंत्रण ठरते. दीड-दोन तास आधी उपमा, इडली किंवा मऊ वरणभात असे हलके, फार तेलकट नसलेले अन्न बेताने खावे.

पूर्ण भूल किंवा शिरेतून गुंगी द्यायची असेल तर नियम उलटा होतो, आणि तो कसोशीने पाळावा लागतो, कारण बेशुद्धीत पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हलके घन अन्न सहा तास आधी, तळलेले किंवा जड त्याहूनही आधी, आणि निव्वळ पाणी दोन तास आधी बंद, असा सर्वसाधारण दंडक आहे. दुधाचा चहा येथे पाण्यात नव्हे, अन्नात मोजतात. भूलतज्ज्ञाने काही वेगळे सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे.

६. रक्त आणि गोळ्या

दाढ निघाली, टाके पडले, आता संपले, असे वाटते. परंतु जागेवरच्या भुलीखाली दाढ काढलेल्यांना मळमळ झालीच तर ती बहुधा घरी आल्यावर होते, आणि तिची दोन कारणे फार साधी आहेत.

पहिले कारण गिळलेले रक्त. रक्त जठराला चुरचुरते. थोडे सहन होते, पण दोन-तीन तास थेंबथेंब गिळत राहिल्यास पोट ढवळू लागते. उलटपक्षी रक्त जोराने थुंकावे तर दाढेच्या खळग्यात जमू लागलेली गुठळी निखळते, पुन्हा रक्त येते, आणि काही दिवसांनी तो खळगा कोरडा पडून विलक्षण ठणका लागण्याची भीती राहते. तेव्हा गिळूही नये आणि थुंकूही नये, तर करावे काय? गॉझची घडी खळग्यावर नेमकी बसवून अर्धा ते एक तास, न बोलता, घट्ट चावून धरावी, कारण रक्त थांबविणे हाच खरा उपाय. आणि तोंडात जमलेली लाळ मान पुढे झुकवून रुमालावर किंवा वाटीत आपसूक ओघळू द्यावी. लाळेत मिसळलेले थोडेसे रक्तही पुष्कळ दिसते, ह्याने घाबरू नये. त्या रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून निजावे.

दुसरे कारण गोळ्या. अक्कलदाढेनंतर मेट्रोनिडॅझोल दिले असल्यास तोंडाला धातूसारखी चव येते आणि अन्नावरची वासना उडते. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्युलॅनिक अॅसिड असल्यास पोट बिघडते. यांपैकी दुसरे औषध जेवणाच्या आरंभी घेतल्यास त्रास कमी होतो, पहिले जेवणाबरोबर किंवा नंतर घ्यावे आणि ते चालू असेतो मद्य पूर्ण वर्ज्य समजावे. अँटिबायोटिक खरोखर आवश्यक आहे काय, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. ते प्रत्येकाला लागतेच असे नाही. वेदनाशामकांविषयी तर अक्कलदाढेइतका अभ्यास क्वचितच दुसऱ्या प्रसंगी झाला असेल, कारण नवी वेदनाशामके पारखण्यासाठी संशोधक हीच शस्त्रक्रिया नेहमी निवडतात. आणि त्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की आयबुप्रोफेन व पॅरासिटॅमॉल एकत्र घेतल्याने बहुतेकांचे उत्तम भागते. अमेरिकन डेंटल असोसिएशननेही २०२४ च्या मार्गदर्शनात अफूवर्गीय औषधांना मागे सारून ह्याच वर्गातील औषधांना प्रथम पसंती दिली आहे. ज्यांना दमा, जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी मात्र आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या परवानगीवाचून घेऊ नये.

गोळीपूर्वी पोटात काही जावे, पण ओठ व जीभ बधिर असताना चावू नये, ह्या दोन आज्ञा परस्परविरोधी वाटतात. उलगडा सोपा आहे: निवविलेली तांदळाची पेज किंवा ताक चमच्याने घ्यावे, मग गोळी. खालच्या जबड्याचा बधिरपणा तीन-चार तास टिकतो, तो उतरण्यापूर्वीच पहिली गोळी पोटात असावी, कारण तीव्र वेदना स्वतःच मळमळ आणते. स्ट्रॉ वापरू नये. ओढण्याच्या जोराने गुठळी सुटते. पुढचे दोन-तीन दिवस गुरगुट्या भात, मुगाचे पातळ वरण, दही, असे बिनतिखट चालू द्यावे.

मळमळीची पूर्वपीठिका असेल तर ऑन्डान्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी आधीच लिहून घ्यावी. हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता असलेल्यांना ती चालतेच असे नाही, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. तिच्या जोडीला दोन घरगुती उपाय आहेत. मनगटाच्या आतल्या बाजूस, वळीपासून तीन बोटे खाली, दोन कंडरांच्या मधल्या जागी अंगठ्याने काही मिनिटे दाबणे हा एक; शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत त्याचा उपयोग होतो असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. दुसरा, इंजेक्शनापूर्वी त्वचा पुसतात तो आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा नाकाशी धरून नाकानेच सावकाश श्वास घेणे; रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत झालेल्या चाचण्यांत त्याने काही मिनिटांत आराम पडल्याचे आढळले आहे.

७. आणि उलटी झालीच तर

ह्या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही, कारण भयाचा सारा जोर ह्या “तर” मध्ये साठलेला असतो.

खुर्चीत असताना झाली तर: तुम्ही शुद्धीवर आहात, घशाचे संरक्षण जागे आहे, दंतवैद्याचे हात तत्काळ बाजूला होतात, तुम्ही एका कुशीवर किंवा पुढे झुकता, ओढनळी तोंड साफ करते, आणि पाच-दहा मिनिटांनी काम पुढे सुरू होते. दंतवैद्याच्या दृष्टीने हा प्रसंग अपूर्व नसतो आणि त्याला त्यात किळस वाटत नाही.

घरी झाली तर: प्रथम तोंडातील गॉझ काढून टाकावी, हे सर्वांत महत्त्वाचे, कारण ती घशात अडकू शकते. मग बसून पुढे झुकावे आणि वेग अडवू नये. चरकसंहितेनेही जे वेग अडवू नयेत असे सांगितले आहे त्यांत छर्दीची गणना केली आहे. नंतर साधे पाणी तोंडात घेऊन, न खळखळविता, आपोआप गळू द्यावे आणि ताजी गॉझ चावून धरावी. एका उलटीने टाके तुटत नाहीत आणि गुठळीही सहसा हलत नाही, कारण ती खळग्यात खोल बसलेली असते व वरून हिरडीचा आधार असतो. बाहेर पडलेले काळपट, कॉफीच्या गाळासारखे दिसले तर ते बहुधा आधी गिळलेलेच रक्त असते. अर्धा तास थांबून पाण्याचे लहान घोट घ्यावेत. गोळीनंतर लगेच उलटी झाली असेल तर ती पुन्हा घ्यावी की नाही हे फोन करून विचारावे.

उलट्या थांबतच नसतील, पाणीही टिकत नसेल, ताजे लाल रक्त गॉझला दाद न देता वाहत असेल, गोळीनंतर अंगावर गांधी उठून श्वास लागत असेल, किंवा ताप आणि गिळता न येण्याइतकी सूज आली असेल, तर मात्र घरगुती इलाजांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

८. भय दाढेपुरते नसेल तेव्हा

काही माणसांचे हे भय दाढेपूर्वीपासून असते आणि दाढेनंतरही राहते. ती बाहेरचे जेवण टाळतात, आजारी मुलाजवळ बसत नाहीत, लांबचा प्रवास नाकारतात, ऑन्डान्सेट्रॉनची पट्टी खिशात असल्यावाचून घराबाहेर पडत नाहीत. हा स्वभावदोष नव्हे. मानसोपचारशास्त्रात वमनभय ही ओळखलेली व्याधी आहे आणि ती बरी होते. विचारांची तपासणी आणि भयकारक गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जाण्याचा सराव, हा तिच्यावरील मुख्य उपचार. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही समुपदेशकाशी बोलता येते आणि पुढील उपचारांची दिशा विचारता येते.

मग आधी उपचार की आधी दाढ? दाढ आडवी असली तरी स्वस्थ असेल, दुखत-सुजत नसेल, तर दंतवैद्याच्या संमतीने काही महिने थांबून उपचार सुरू करावा आणि तारीख त्यानंतरची घ्यावी. हिरडीत पुनःपुन्हा पू होत असेल, तोंड पुरते उघडत नसेल किंवा शेजारच्या दाढेला कीड लागू लागली असेल, तर उपचार संपण्याची वाट न पाहता वरील तजविजी करून दाढ आधी काढावी, आणि त्या दिवशी काय भ्याले व प्रत्यक्षात काय घडले हे कागदावर टिपून ठेवून तोच कागद समुपदेशकाच्या पहिल्या भेटीत पुढे करावा.